शिकारी माशांचा आहार : एका अंदाजाचा इतिहास

तळ्यातील किंवा नदीतील शिकारी मासा वर्षभरात इतर किती मासे खातो, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ कुतूहलाचा वाटतो. प्रत्यक्षात गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायाच्या अनेक निर्णयांचा पाया ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर रचला गेला आहे. उपयुक्त मासे कमी झाले की त्याचे खापर शिकारी माशांवर फोडावयाचे आणि त्यांचा नायनाट हाच उपाय समजावयाचा, ही प्रवृत्ती युरोप व अमेरिकेतील मच्छिमारांत फार जुनी आहे. विसाव्या शतकात सरकारी खात्यांनी व संशोधनसंस्थांनी हा उपाय हाती घेतला, तेव्हा त्याच्या समर्थनासाठी आकड्यांची गरज भासली. एक मासा दिवसाकाठी किती खातो, ऋतुमानाप्रमाणे त्यात किती फरक पडतो आणि त्या पाण्यात असे मासे आहेत तरी किती, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी गुणली म्हणजे एकूण भक्षणाचा अंदाज हाती येतो. गुणाकार सोपा आहे. परंतु त्यातील प्रत्येक अवयव मिळवण्यास अनेक दशके खर्ची पडली. शिवाय हा आकडा अचूक झाला तरी तो नेमके काय सांगतो, हा प्रश्न शिल्लक राहिला. प्रस्तुत लेखात ह्या दोन्ही गोष्टींचा मागोवा घेतला आहे.

१. जठरातील अन्न आणि काळ

माशाचे जठर फाडून त्यातील अन्न तपासणे ही सर्वांत जुनी पद्धती होय. मासा काय खातो हे तीवरून कळते. किती खातो हे मात्र कळत नाही. रांजणात पाणी किती आहे हे पाहून घरात रोज किती पाणी लागते ते सांगता येत नाही. रांजण किती वेळात रिकामा होतो हेही ठाऊक असावे लागते. जठराचेही तसेच आहे. त्यातही शिकारी माशांच्या बाबतीत अडचणी अधिक आहेत. कीटक टिपणारा मासा दिवसभर थोडेथोडे खात असतो. उलट पाइकसारखा मासा एक मोठे भक्ष्य सबंध गिळतो व पुढे बराच काळ काही खात नाही. म्हणून त्याच्या कोणत्याही नमुन्यात रिकामी जठरे पुष्कळ आढळतात. रिकामे जठर उपासाचे चिन्ह असेलच असे नाही. जाळ्यात सापडल्यावर माशाने अन्न ओकून टाकलेले असणेही शक्य असते. सापळ्यात धरलेल्या माशाबाबत उलटा धोका संभवतो, कारण सापळ्यातच अडकलेले इतर मासे त्याने खाल्लेले असू शकतात.

काळाचा हा अवयव गणितात आणण्याचे श्रेय सामान्यतः ए. डी. बाइकॉव्ह यांना दिले जाते. अमेरिकन फिशरीज सोसायटीच्या १९३५ च्या वार्षिक ग्रंथात त्यांनी अवघ्या दोन पानांचे टिपण प्रसिद्ध केले. त्यांचे सूत्र असे की, जठरातील अन्नाच्या सरासरी वजनास २४ ने गुणावे आणि जठर रिकामे होण्यास लागणाऱ्या तासांनी भागावे. उदाहरणार्थ, रिकामी जठरे धरून सरासरी अन्न १२ ग्रॅम भरले आणि ते पचण्यास ४८ तास लागत असतील, तर दैनंदिन आहार ६ ग्रॅम ठरतो.

ह्या सूत्राची सुटसुटीतता हेच त्याच्या प्रसाराचे कारण होते आणि तिच्यातच त्याचे दोषही होते. जठरातील अन्न अर्धवट पचलेले असते. त्याचे वजन जसेच्या तसे धरल्यास उत्तर कमी येते. पचनाचा वेग पाण्याच्या तापमानाप्रमाणे बदलतो. हिवाळ्यात जे भक्ष्य अनेक दिवस जठरात राहील, ते उन्हाळ्यात फार लवकर नाहीसे होते. भक्ष्याचा आकार आणि माशाचे वजन यांचाही परिणाम होतो. विंडरमिअर येथील जे. एम. एलियट यांनी १९७२ मध्ये ट्राउट माशावरील प्रयोगांतून असे दाखवले की, जठर ठराविक गतीने रिकामे होत नाही. शिल्लक अन्नाच्या प्रमाणात ते रिकामे होत जाते आणि ह्या प्रमाणाचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. १९७७ मध्ये एगर्स यांनी आणि १९७८ मध्ये एलियट व पर्सन यांनी ह्या तत्त्वावर आधारलेली सुधारित सूत्रे मांडली. अर्धवट पचलेल्या भक्ष्याचे मूळ वजन काढण्यासाठी न पचलेल्या हाडांचा आधार घेण्यात येऊ लागला. जबड्याच्या किंवा कल्ल्यांवरील झाकणाच्या हाडाच्या लांबीवरून गिळलेल्या माशाची लांबी आणि लांबीवरून वजन ठरवण्याची ही रीत १९८० नंतरच्या दशकात कोलंबिया नदीवरील संशोधनात विशेष काटेकोर झाली.

२. कल्टस सरोवर : आकड्याची पहिली कसोटी

जठराच्या अभ्यासावरून काढलेला निष्कर्ष प्रत्यक्ष निसर्गात पडताळून पाहण्याचा महत्त्वाचा प्रयत्न कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात झाला. तेथील कल्टस सरोवरात सॉकाय जातीच्या सॅमन माशांची पिल्ले सामान्यतः पहिले वर्ष काढतात व नंतर समुद्राकडे जातात. कृत्रिम रीतीने अंडी उबवून सोडलेल्या पिल्लांचा नैसर्गिक पैदाशीपेक्षा फारसा फायदा होत नाही, असे आर. ई. फर्स्टर यांच्या तेथील दीर्घ प्रयोगांत आढळून आले होते. पिल्ले अधिक सोडूनही समुद्राकडे जाणाऱ्यांची संख्या वाढत नसेल, तर ती सरोवरातच कोठेतरी नष्ट होत असली पाहिजेत, हे ओघानेच आले. संशय अर्थातच शिकारी माशांवर गेला. तेव्हा स्क्वॉफिश व १९९८ पासून नॉर्दर्न पाइकमिनो ह्या नावाने ओळखला जाणारा मासा त्यांत प्रमुख होता. त्याच्या जोडीला चार, ट्राउट व कोहो सॅमनही होते.

डब्ल्यू. ई. रिकर यांनी ह्या माशांची जठरे निरनिराळ्या ऋतूंत तपासून ते सॉकायची पिल्ले किती खातात ह्याचा अभ्यास १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात फर्स्टर व रिकर यांचा संयुक्त लेख आला. १९३५ पासून काही वर्षे शिकारी मासे जाळ्यांनी पद्धतशीरपणे काढून टाकल्यानंतर सरोवरात सॉकाय पिल्ले जगण्याचे प्रमाण पूर्वीच्या सुमारे तिप्पट झाले, असा त्याचा निष्कर्ष होता.

ह्या प्रयोगाचे महत्त्व दुहेरी आहे. भक्षणाचा अंदाज आणि भक्षक काढून टाकल्यावर घडलेला बदल, ह्या दोन गोष्टी येथे प्रथमच एकमेकींशेजारी ठेवल्या गेल्या. तथापि ही तुलना एकाच सरोवरातील आधीच्या व नंतरच्या वर्षांची होती; त्याच वर्षांत ज्यास हात लावलेला नाही असे दुसरे सरोवर तुलनेसाठी नव्हते. पुढील काळात ह्या निष्कर्षाचा हवाला अनेक ठिकाणी दिला गेला; ही मर्यादा मात्र क्वचितच सांगितली गेली.

३. विंडरमिअर : जे अपेक्षिले नव्हते

विंडरमिअर हे इंग्लंडमधील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या फ्रेशवॉटर बायॉलॉजिकल असोसिएशन ह्या संस्थेचे ते मुख्य कार्यक्षेत्र होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, तेथे पर्च मासे सापळ्यांनी मोठ्या प्रमाणात पकडण्यास प्रारंभ झाला आणि ते डबाबंद करून अन्न म्हणून विकले गेले. १९४४ च्या हिवाळ्यापासून मोठे पाइक जाळ्यांनी काढण्यास सुरुवात झाली. ट्राउट आणि चार ह्या मौल्यवान जातींचे रक्षण व्हावे हा त्यामागील हेतू होता. काढलेल्या प्रत्येक पाइकाची लांबी, वजन, वय व जठरातील अन्न यांची नोंद ठेवण्याची शिस्त संस्थेने पाळली. भक्षक नष्ट करण्याच्या मोहिमा जगात पुष्कळ झाल्या. परंतु एवढी दीर्घ आणि अखंड नोंद क्वचितच कोठे राहिली.

विनिफ्रेड फ्रॉस्ट यांनी १९५४ मध्ये ह्या पाइकांच्या आहाराचे विवेचन केले. पर्च, ट्राउट आणि चार हे त्याचे मुख्य अन्न असल्याचे त्यांत दिसून आले. पुढे लायोनेल जॉन्सन यांनी पाइक टाक्यांत ठेवून, वजन न घटता जगण्यासाठी त्यांना किती अन्न लागते आणि वाढीसाठी त्याहून अधिक किती लागते, ह्याचे प्रयोग केले. ते १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. संख्येचा अवयव संख्याशास्त्रज्ञ शार्लट किपलिंग यांच्या साहाय्याने सिद्ध झाला. कल्ल्यांवरील झाकणाच्या हाडावरील वलयांवरून प्रत्येक माशाचे वय, वयावरून त्याच्या जन्माचे वर्ष आणि वर्षावर्षाच्या पिढ्यांवरून सरोवरातील एकूण पाइकांची संख्या, अशी ही गणिताची साखळी होती. किपलिंग व फ्रॉस्ट यांच्या १९७० च्या निबंधात १९४४ ते १९६२ ह्या काळातील पाइकांची संख्या, मृत्यू, उत्पादन व त्यांनी खाल्लेले अन्न ह्या सर्वांचा हिशोब एकत्र आला. टाकीतील प्रयोग, जठरांची तपासणी आणि संख्येचा अंदाज हे तिन्ही अवयव एकाच जलाशयासाठी एकत्र गुंफल्याचे हे नमुनेदार उदाहरण होय.

परंतु ह्याच नोंदींतून एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. मोठे पाइक कमी झाले तसतशी तरुण, लहान पाइकांची संख्या वाढत गेली. पाइक स्वजातीची पिल्लेही खातो. मोठे मासे गेल्यामुळे लहानांवरील हा दाब कमी झाला असावा, हे त्याचे एक संभाव्य कारण होय. आहाराच्या दृष्टीने ह्याचा अर्थ काय, हे समजण्यासाठी चयापचयाच्या एका नियमाकडे वळणे आवश्यक आहे.

४. मिन्स्क : जठराकडून ऊर्जेकडे

जठरपद्धतीचा मूळ दोष असा की, ती माशाच्या आयुष्यातील एक क्षण पकडते. ह्या क्षणांवरून वर्ष उभे करावयाचे तर असंख्य नमुने लागतात. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवला. माशाने मिळवलेली ऊर्जा तीनच मार्गांनी जाते : श्वसनात खर्च होते, वाढीत साठते किंवा मलमूत्रावाटे बाहेर पडते. खर्च आणि साठा मोजता आला तर मिळकत आपोआप ठरते. व्ही. एस. इव्हलेव्ह यांनी १९३० नंतरच्या दशकात ह्या दिशेने काम केले होते. जी. जी. विनबेर्ग यांनी १९५६ मध्ये मिन्स्क येथून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तोपर्यंत विखुरलेली माशांच्या श्वसनाची मोजमापे एकत्र करून त्यांवरून सर्वसाधारण नियम बसवला. १९६० मध्ये कॅनडाच्या मत्स्यसंशोधन मंडळाने त्याचे इंग्रजी भाषांतर उपलब्ध केले आणि त्यानंतर ही पद्धती सर्वत्र पसरली.

विनबेर्ग यांचा नियम असा : २० अंश सेल्सिअस तापमानास माशाला दर तासास लागणारा प्राणवायू (मिलिलिटरमध्ये) हा त्याच्या वजनाच्या (ग्रॅममध्ये) ०.८ घातास सुमारे ०.३ ने गुणले असता मिळतो. अन्नातील ऊर्जेपैकी ८० टक्के शरीरास उपयोगी पडते, असे त्यांनी धरले. निसर्गातील मासा प्रयोगपात्रातील माशापेक्षा अधिक हालचाल करतो, म्हणून श्वसनाचा आकडा दुप्पट करावा, असेही त्यांनी सुचवले.

एका उदाहरणाने ह्या गणिताचे सामर्थ्य व दौर्बल्य दोन्ही ध्यानात येतील. १ किलोग्रॅम वजनाच्या माशास वरील नियमाने तासाला सुमारे ७५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला सुमारे १,८०० मिलिलिटर प्राणवायू लागतो. त्याचे ऊर्जेत रूपांतर केल्यास सुमारे ८.७ किलोकॅलरी होतात. उपयोगी न पडणारा पाचवा हिस्सा धरून अन्नाची गरज सुमारे ११ किलोकॅलरी ठरते. भक्ष्य माशाच्या दर ग्रॅममध्ये १ किलोकॅलरी धरल्यास हा मासा केवळ जगण्यासाठी रोज ११ ग्रॅम, म्हणजे आपल्या वजनाच्या १.१ टक्के अन्न खाईल. मात्र श्वसन दुप्पट करण्याचा नियम लावला की तोच आकडा २२ ग्रॅम होतो. पाइक हा वनस्पतींच्या आडोशास निश्चल राहून अचानक झडप घालणारा मासा आहे. सतत पोहणाऱ्या माशास जो नियम लागू पडेल तो त्यास लावणे योग्य नव्हे. एका गृहीतावर पाइकवरील आरोप दुप्पट किंवा निम्मा होऊ शकत असे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. ज्या जाती पाण्याबरोबर हवेतील प्राणवायूही घेतात, जसे आपल्याकडील मरळ, त्यांच्या बाबतीत केवळ पाण्यातील प्राणवायूच्या मोजमापावर विसंबता येत नाही, हीदेखील ह्या पद्धतीची एक मर्यादा होय.

आता विंडरमिअरकडे परतता येईल. वजनाच्या ०.८ घाताचा अर्थ असा की, मासा दहापट मोठा झाला म्हणजे त्याची गरज दहापट होत नाही. ती सुमारे ६.३ पट होते. म्हणून १० किलोग्रॅमच्या एका माशाऐवजी १ किलोग्रॅमचे दहा मासे आले, तर एकूण वजन तेवढेच राहूनही केवळ जगण्यासाठी लागणारे अन्न सुमारे दीडपट होते. मोठे भक्षक काढल्याने भक्षण त्याच प्रमाणात घटेल, हे गृहीत त्यामुळे टिकत नाही. लहान पाइक लहान भक्ष्य खातात, त्यामुळे झळ पोहोचणारे मासेही बदलतात.

५. संगणक, कोलंबिया नदी आणि महासरोवरे

ऊर्जेच्या ताळेबंदास तापमानाची दैनंदिन नोंद जोडून संपूर्ण वर्षाचा हिशोब करण्याचे काम संगणकामुळे सुकर झाले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जे. एफ. किचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये यलो पर्च व वॉलआय ह्या माशांसाठी असे प्रतिमान प्रसिद्ध केले. माशाची वर्षभरातील वाढ ही हाडावरून अगर खवल्यावरून मोजता येते. ती साधण्यासाठी त्याने किती अन्न खाल्ले असले पाहिजे, हे प्रतिमान उलट दिशेने काढते. १९८७ मध्ये हे प्रतिमान वैयक्तिक संगणकासाठी तयार स्वरूपात आले आणि १९९७ व २०१७ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

ह्याच सुमारास कोलंबिया नदीवर जठरपद्धतीचा सर्वांत मोठा उपयोग झाला. धरणांमुळे संथ झालेल्या पाण्यात समुद्राकडे जाणारी सॅमनची पिल्ले किती मारली जातात, हे ठरवण्यासाठी जॉन डे जलाशयात १९८३ ते १९८६ ह्या काळात पाहणी करण्यात आली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तेथे दरवर्षी सरासरी २७ लाख पिल्ले शिकारी माशांच्या भक्ष्यस्थानी पडत होती. जलाशयात येणाऱ्या एकूण पिल्लांच्या हे सुमारे १४ टक्के होत. त्यांपैकी ७८ टक्के वाटा एकट्या पाइकमिनोचा होता. विशेष म्हणजे ह्या अंदाजाबरोबर त्याची अनिश्चितताही दिली होती : खरा आकडा १९ लाख ते ३३ लाख यांच्या दरम्यान असावा. कल्टसच्या काळी एका आकड्यावर थांबण्याची जी रीत होती तिच्या मानाने ही मोठी प्रगती होय. ह्या अभ्यासाच्या आधारे पाइकमिनोचा समूळ नाश करण्याऐवजी मोठ्या माशांपैकी दरवर्षी १० ते २० टक्केच काढावेत असे ठरले व त्यासाठी पकडणाऱ्यांस बक्षीस देण्याची योजना सुरू झाली. पाइकमिनो जसा मोठा होतो तसा तो अधिकाधिक मत्स्यभक्षी बनतो. म्हणून येथे मोठे मासे काढण्यास विंडरमिअरहून अधिक सबळ आधार होता.

उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत ह्याच गणिताने नेमकी उलटी भूमिका बजावली. १९६६ पासून मिशिगन सरोवरात पॅसिफिक सॅमन सोडण्यात येऊ लागले; एलवाइफ नावाचा लहान मासा हे त्यांचे प्रमुख भक्ष्य बनले. स्टुअर्ट, किचेल व क्राउडर यांनी १९८१ मध्ये सॅमनच्या आहाराचा हिशोब करून असा इशारा दिला की, भक्षकांची संख्या अशीच वाढवीत गेल्यास भक्ष्य पुरणार नाही. शेजारच्या ह्यूरन सरोवरात २००३ च्या सुमारास एलवाइफ जवळजवळ नाहीसा झाला आणि त्यापाठोपाठ सॅमनची मासेमारीही कोसळली. भक्षणाचा भार हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. भक्षकास मारण्याच्या समर्थनार्थ जन्मलेले गणित येथे भक्षक किती असावेत ह्याची मर्यादा ठरवण्यास उपयोगी पडले.

६. भक्षण आणि हानी

ह्या सर्व इतिहासातून एक भेद स्पष्ट होतो, तो म्हणजे भक्षण आणि हानी यांतील. शिकारी माशाने एक लाख पिल्ले खाल्ली, हे विधान मोजमापाने सिद्ध करता येते. त्यामुळे एक लाख पिल्ले कमी झाली, हे विधान त्यातून आपोआप निघत नाही. खाल्लेल्यांपैकी किती पिल्ले रोगाने, उपासमारीने किंवा अन्य शत्रूंमुळे मेलीच असती, हा प्रश्न आहाराच्या गणितात कोठेही येत नाही. १९७६ मध्ये विंडरमिअरमधील प्रौढ पर्चांपैकी सुमारे ९८ टक्के एका रोगाने मेले. कोणत्याही भक्षकाच्या आहाराचा हिशोब ह्या घटनेची चाहूल देऊ शकला नसता. कल्टस सरोवरात भक्षक काढल्यावर सॉकाय पिल्ले वाढली, हे खरे. पण त्याच सरोवरातील सॉकाय २००३ मध्ये धोक्यात आलेल्या जीवांत गणले गेले. काही वर्षांच्या मोहिमेने मिळालेले यश म्हणजे कायमचा उपाय नव्हे, हे त्यावरून दिसते.

१९३५ मधील दोन पानांच्या टिपणापासून संगणकीय प्रतिमानापर्यंत एका माशाचा आहार मोजण्याची साधने पुष्कळ सूक्ष्म झाली. साखळीतील कच्चा दुवा मात्र प्रत्येक टप्प्यावर सरकत गेला : प्रथम पचनकाल, मग नैसर्गिक हालचालीचा खर्च आणि अखेरीस पाण्यातील भक्षकांची संख्या. एका माशाचा आहार कितीही अचूक काढला, तरी मासे पाचशे की हजार हे ठाऊक नसेल तर एकूण उत्तर दुपटीने चुकू शकते. म्हणूनच ह्या विषयातील टिकाऊ ज्ञान मुख्यतः अशा जलाशयांतून आले आहे, जेथे आहाराबरोबरच माशांची संख्या, वय व मृत्यू यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवली गेली. ज्या जलाशयात अशी नोंद नाही, तेथे भक्षकाविरुद्ध मांडलेला आकडा म्हणजे फिर्यादीची बाजू होय, निकाल नव्हे.